धर्मग्रामाचे चाळीस दिवस

नाताळ हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. मूळचा तो पोर्तुगीज, पण आता आपल्या बोलण्यात पुरता मुरला आहे. गिरगावातल्या चाळीतल्या शाळकरी पोराला विचारा, केकपासून कागदी चांदणीपर्यंत सगळं सांगेल. पण 'लेंट' म्हणजे काय, असं गिरगावात, परळला किंवा दादरला दहा जणांना विचारून पाहा. बहुतेक जण नुसती मान हलवतील. या चाळीस दिवसांना मराठीत नाव नाही असं नाही. मराठी कॅथलिक त्यांना प्रायश्चित्तकाळ म्हणतात, उपवासकाळही म्हणतात. ते ज्या दिवशी सुरू होतात त्याला राखेचा बुधवार म्हणतात. पण ही नावं चर्चच्या आवाराबाहेर फारशी आलीच नाहीत.

याचं कारण मला असं वाटतं की, शेजारी आपल्याला सणांतून कळतो, उपासांतून कळत नाही. मी मराठीत कविता लिहिणारा मुसलमान. रमजान म्हटला की माझ्या स्नेह्यांना महंमद अली रोडवरचे कबाब आणि मालपुवे आठवतात. शिरखुर्मा कधी, असं हक्कानं विचारणारे पुष्कळ आहेत, आणि ते विचारतात याचा आनंदच आहे. पण पहाटे अंधारात उठून सहरी करणारं घर, दुपारी तीन वाजता कोरडा पडलेला घसा, हे त्यांना दिसत नाही. दिसणार तरी कसं? उपास ही चारचौघांत मिरवायची गोष्टच नव्हे. ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या उपासाविषयी मला कुतूहल वाटत आलं ते यामुळेच असेल. त्या कुतूहलाच्या मागे जाता जाता मी या शहराच्या इतिहासात शिरलो. तिथे जे सापडलं, ते आज सांगायचं आहे.

आधी हा बुधवार म्हणजे काय ते पाहू. ईस्टरच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये झावळ्या आशीर्वादित करून लोकांना देतात. येशू यरुशलेममध्ये शिरला तेव्हा लोकांनी झावळ्या हाती घेऊन त्याचं स्वागत केलं, त्याची ती आठवण. लोक ती झावळी घरी नेतात, देवाच्या तसबिरीमागे खोचून ठेवतात. वर्षभर ती तिथेच वाळते. पुढच्या वर्षी उपवासकाळ तोंडावर आला की या वाळक्या झावळ्या चर्चमध्ये परत जमा होतात, जाळल्या जातात आणि त्यांची राख होते. बुधवारच्या मिस्सेत धर्मगुरू ही राख प्रत्येकाच्या कपाळावर क्रूसाच्या खुणेनं लावतो आणि आठवण देतो, की माणूस मातीचा आहे आणि मातीतच जाणार आहे. म्हणजे गेल्या वर्षीचा जयजयकार यंदाची राख होऊन कपाळी येतो. कवी म्हणून मला या कल्पनेचा फार हेवा वाटतो.

त्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत दिवस मोजले तर ते शेहेचाळीस भरतात. पण रविवार हा पुनरुत्थानाचा वार, म्हणून त्या दिवशी उपास मोजत नाहीत. सहा रविवार वजा केले की उरतात चाळीस. येशूनं रानात चाळीस दिवस उपास केला, त्याचा हा हिशेब. नियमानं पाहिलं तर कडक उपास दोनच दिवस असतो, राखेच्या बुधवारी आणि शुभ शुक्रवारी. त्या दिवशी एकदा पोटभर जेवायचं, आणि लागलंच तर दोनदा थोडं थोडं खायचं. परंपरेनं शुक्रवारी मांस वर्ज्य. मासे चालतात. आता ज्यांच्या ताटात सोमवार ते शनिवार बोंबील-बांगडा असतो, त्यांना हा नियम जड का वाटावा? म्हणून कोणी या काळात मासळीही सोडतं, कोणी दारू सोडतं, कोणी सिगरेट, कोणी सिनेमा. आपल्याकडे 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणतात. आमच्याकडे इफ्तारच्या दस्तरखानावर तेच घडतं. पळवाट शोधण्यात सगळे धर्म सारखेच, आणि पळवाट बुजवून स्वतःला थोडं आवळून धरणारी माणसंही सगळ्या धर्मांत असतात.

चर्चच्या आतही बदल होतो. धर्मगुरूंचे झगे जांभळे होतात. वेदीवरची फुलांची आरास जाते. 'आलेलुया' हा आनंदाचा उद्गार थेट ईस्टरपर्यंत तोंडातून निघत नाही. शुक्रवारी क्रूसाची वाट असते. येशूच्या शेवटच्या प्रवासातले चौदा टप्पे भिंतीवर चित्रांनी किंवा शिल्पांनी दाखवलेले असतात. प्रत्येकापुढे थांबत, गुडघे टेकत लोक पुढे सरकतात. या दिवसांत थाटामाटाची लग्नं टाळतात. बाजूला ठेवलेले पैसे गरजूंना देतात. उपास, प्रार्थना आणि दान या तीन गोष्टींवर हा काळ उभा आहे. रोजा, नमाज आणि जकात यांत वाढलेल्या माणसाला यात परकं काहीच वाटत नाही.

दिनदर्शिका उघडली तर आणखी एक गंमत दिसते. ईस्टर ठरतो तो चंद्रावर. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे राखेचा बुधवार ४ फेब्रुवारीपासून १० मार्चपर्यंत मागेपुढे होतो आणि आपली फाल्गुनी पौर्णिमा बहुधा या चाळीस दिवसांच्या आतच पडते. म्हणजे लालबाग-परळच्या चाळींपुढे होळी पेटते, दुसऱ्या दिवशी तिची राख कपाळाला लागते, तेव्हा पलीकडच्या चर्चमध्ये राखेनं सुरू झालेला उपास चालूच असतो. आमचा रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे तोही अधूनमधून या गर्दीत सामील होतो. २०२५ सालचं पाहा. २६ फेब्रुवारीला महाशिवरात्र होती. २ मार्चला पहिला रोजा. ५ मार्चला राखेचा बुधवार. १३ मार्चला होळी. अडीच आठवड्यांत या शहरातल्या कितीतरी घरांनी आपापल्या कारणानं उपास केले, आणि त्यांतल्या तीन प्रसंगी राख किंवा भस्म कपाळी आलं.

आता इतिहासाकडे वळू. कॅथलिक लोक ज्याला 'पॅरिश' म्हणतात, त्याला वसईकडच्या मराठीत धर्मग्राम असा शब्द आहे. प्रॉटेस्टंट मराठीत मंडळी म्हणतात. दोन्ही शब्द नीट ऐका. दोन्हींत इमारत नाही. एकात गाव आहे, दुसऱ्यात माणसं आहेत. आपण चर्च म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे मनोरा आणि घंटा येते. पण धर्मग्राम म्हणजे हद्द असलेली वस्ती. या गल्लीपासून त्या नाक्यापर्यंतची घरं एका चर्चची. तिथला जन्म, तिथलं लग्न, तिथलं मरण एकाच वहीत लिहिलं जाणार.

मुंबईच्या बाबतीत तर 'ग्राम' हा शब्द अक्षरशः खरा आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं वसई आणि ही बेटं पोर्तुगीजांना दिली, तेव्हा इथे शहर नव्हतं. माहीम, परळ, माझगाव, वरळी, गिरगाव अशी गावं होती. माडांची बनं, भातखाचरं, मिठागरं आणि कोळीवाडे होते. पोर्तुगीजांच्या काळात इथल्या कोळी, भंडारी, कुणबी अशा समाजांतले पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले. धर्म बदलला. गाव, बोली, शेत आणि होडी तीच राहिली. याच लोकांच्या वंशजांनी पुढे १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्था काढली आणि स्वतःला ईस्ट इंडियन असं नाव घेतलं. नाव इंग्रजी, घरातली बोली मराठीची.

दादरचं 'अवर लेडी ऑफ साल्व्हेशन' चर्च १५९६ चं. बसच्या थांब्यावर आजही त्याचं नाव पोर्तुगीज चर्च असं आहे. जुन्या नोंदींत मात्र हा भाग दादर म्हणून येत नाही, खालचं माहीम म्हणून येतो. म्हणजे आपण ज्याला दादर म्हणतो, ती वसाहत, त्या कॉलन्या, ते सरळ रस्ते आखले जाण्याच्या तीनशे वर्षं आधीपासून तिथे एक धर्मग्राम नांदत होतं. माझगावचं ग्लोरिया चर्च १६३२ चं. रेल्वेच्या कामात त्याची जागा गेली आणि १९१३ मध्ये ते भायखळ्याला नव्यानं उभं राहिलं. इमारत हलली तरी धर्मग्राम मोडलं नाही, हे इथे लक्षात ठेवायला हवं.

परळची गोष्ट याच्या उलट आहे. तिथे इमारत राहिली आणि धर्मग्राम गेलं. परळला जेझुइट पाद्रींच्या ताब्यात मठ आणि चर्च होतं. इंग्रजांना या पाद्रींचा भरवसा वाटेना. १७२० च्या सुमारास त्यांनी ती मालमत्ता ताब्यात घेतली. १७७० च्या दशकात गव्हर्नर हॉर्नबी तिथे राहायला गेला आणि पुढे शंभरेक वर्षं ते गव्हर्नरचं निवासस्थान होतं. जिथे चर्च होतं, त्या भागात मेजवान्या आणि नाच होऊ लागले. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचा तिथे पटकीनं मृत्यू झाला, आणि त्यानंतर गव्हर्नरचा मुक्काम मलबार हिलला गेला. परळचा वाडा ओस पडला. त्याचं पुढे काय झालं, ते सांगण्याआधी प्लेगकडे जायला हवं. कारण राखेच्या बुधवाराचा खरा अर्थ या शहराला एकदा फार जवळून कळला, तो प्लेगच्या साली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीच्या वस्तीत तापाचे आणि गाठीचे रोगी सापडू लागले. हा प्लेग आहे, असं ठामपणे पहिल्यांदा सांगितलं ते डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या ख्रिस्ती डॉक्टरनं. तेव्हा त्यांचं म्हणणं अनेकांना पटलं नाही. पण हिवाळा सरता सरता प्रेतांची संख्याच बोलू लागली. मुंबईची वस्ती तेव्हा सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. त्यातली जवळजवळ निम्मी माणसं शहर सोडून गेली. बोटी आणि आगगाड्या भरभरून लोक कोकणात, देशावर, गुजरातेत निघाले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. त्याच मार्चमध्ये जनरल गॅटेकर यांच्या हाताखाली प्लेग कमिटी नेमली गेली. घरं तपासणं, रोग्यांना इस्पितळात हलवणं, सामान जाळणं, घरावर खुणा करणं सुरू झालं.

त्या वर्षी राखेचा बुधवार ३ मार्चला होता. जरा कल्पना करून पाहा. साथ ऐन भरात आहे. गिरगावच्या वाड्यांत दारांना कुलपं आहेत. चंदनवाडीत चिता विझत नाहीत, कबरस्तानांत खड्डे खणायला माणसं पुरत नाहीत. आणि अशा सकाळी धर्मगुरू तुमच्या कपाळावर राख लावून सांगतो की तू माती आहेस. एरवी हे वाक्य ऐकून माणूस क्षणभर गंभीर होतो आणि बाहेर पडताच विसरतो. त्या बुधवारी ते विसरायची सोय नव्हती. आणि ते फक्त ख्रिस्ती माणसाबद्दलही नव्हतं. मांडवीतल्या व्यापाऱ्याला, डोंगरीतल्या मुसलमानाला, परळच्या गिरणीतल्या कामगाराला, सगळ्यांना ते एकाच मापानं लागू होतं.

आता परळच्या त्या ओस वाड्याकडे परत येऊ. वाल्देमार हाफकिन हा रशियन साम्राज्यातला ज्यू शास्त्रज्ञ तेव्हा मुंबईत प्लेगवरची लस तयार करत होता. १० जानेवारी १८९७ रोजी त्यानं ती आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांपैकी जे तयार झाले त्यांना टोचली. १८९९ मध्ये त्याची प्रयोगशाळा परळच्या त्याच जुन्या वाड्यात आली. १९२५ पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव आहे. पाद्रींचा मठ, मग गव्हर्नरचा नाचघर असलेला बंगला, मग एका ज्यू शास्त्रज्ञाची लस बनवण्याची जागा. त्या लसीनं वाचलेल्यांत कोण कुठल्या धर्माचा होता, हे कुणी विचारत बसलं नाही.

प्लेगच्या त्या वर्षांची दुसरी खूण आजही गल्ल्यांत उभी आहे. ती म्हणजे क्रूस. मुंबईत रस्त्याच्या कडेला, वाडीच्या तोंडाशी, विहिरीजवळ जे दगडी क्रूस दिसतात, त्यांतले काही त्याहून जुने आहेत. पण पुष्कळसे प्लेगच्या काळातले आहेत. कुणी साथीपासून रक्षण व्हावं म्हणून उभारले, कुणी वाचलो म्हणून. गर्दीनं साथ पसरते या भीतीनं लोक एकत्र येणं टाळत होते. चर्च लांब होतं. तेव्हा लोकांनी प्रार्थना आपल्या दारात आणली. संध्याकाळी आठ-दहा घरांतली माणसं क्रूसापुढे जमून जपमाळ म्हणू लागली. धर्मग्रामाचे असे लहान लहान वाडे झाले.

गिरगावातली खोताची वाडी पाहिलीत तर हे चटकन कळेल. दादोबा वामन खोत यांच्या नावावरून पडलेलं हे नाव. खोत हिंदू, जमीन त्यांची. तिच्यावर घरं बांधून राहिले ते बरेचसे ईस्ट इंडियन. लाकडी जिने, कौलारू छपरं, बाहेरच्या ओट्या. आणि वाडीत शिरताना क्रूसाचं छोटं देवालय. वाडीतले लोक त्याचा संबंध प्लेगशी जोडतात. मी तिथे उभा राहून पाहिलं आहे. कामावर निघालेली माणसं दोन सेकंद थांबतात, हात जोडतात किंवा छातीवर क्रूसाची खूण करतात आणि पुढे जातात. हात जोडणारे सगळे ख्रिस्ती नसतात. फुलांच्या माळा तर गिरगावच्या फुलवालीकडच्याच असतात, झेंडूच्या. धोबीतलावाजवळच्या क्रॉस मैदानाला ज्यावरून नाव पडलं, त्या क्रूसापुढेही असेच सगळ्या जातिधर्मांचे लोक मेणबत्त्या लावताना दिसतात. माहीमला सेंट मायकल चर्चची नोव्हेना दर बुधवारी असते. ती १९४८ पासून चालू आहे. तिच्या रांगेत बुरखेही दिसतात आणि कुंकवाचे कपाळही. तिथून मखदूम अली माहिमींचा दर्गा काही फार लांब नाही. नवस बोलणारा माणूस दोन्ही उंबऱ्यांवर जातो.

पण धर्मग्रामाचं हे चित्र फार गोड करून रंगवण्यातही अर्थ नाही. आतल्या भांडणांनी ते पुष्कळदा फाटलं आहे. मुंबईच्या चर्चांवर सत्ता गोव्याच्या आर्चबिशपची की रोमनं थेट नेमलेल्या बिशपची, हा वाद अठराव्या शतकात पेटला. १७९४ मध्ये चर्चांची वाटणी झाली. पुढे एकाच वस्तीतली दोन घरं दोन वेगळ्या सत्तांखाली असू शकत. राख एकच, पण ती कुणाच्या हातून घ्यायची यावर नातेवाइकांत अबोला. ही दुहेरी सत्ता पुरती संपायला १९२८ साल उजाडलं.

दुसरा प्रश्न भाषेचा. पश्चात्ताप माणूस कोणत्या भाषेत करतो? शतकानुशतकं मिस्सा लॅटिनमध्ये होती. गावकऱ्याला तिचा अर्थ कळत नसे, तो सूर ओळखायचा. ही उणीव फार पूर्वी एका परदेशी माणसानं ओळखली होती. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं सुमारे अकरा हजार ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' मराठीत रचलं. ते १६१६ मध्ये गोव्यात छापलं गेलं. येशूच्या दुःखभोगाची कथा इथल्या ख्रिस्ती माणसानं ओवीच्या चालीत ऐकली ती अशी. पुढे अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ मध्ये मुंबईत आली. त्यांच्या मंडळीत राखेचा विधी नव्हता, पण मराठी प्रार्थना, मराठी गाणी आणि मराठी कीर्तन होतं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तो याच मिशनकडे आणि याच मुंबईत. ख्रिस्ती झाल्यावर मराठी कवी परका होत नाही, हे टिळकांनी आपल्या लेखणीनं दाखवून दिलं. माझ्यासारख्याला त्याचा आधार वाटतो, हे कबूल करायला हवं.

कॅथलिकांकडे हा बदल यायला सत्तर वर्षं लागली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३ च्या डिसेंबरात लोकभाषांना वाट करून दिली. १९६४ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद भरली. पोप सहावे पॉल स्वतः इथे आले, ओव्हल मैदानावर अफाट गर्दी लोटली. आणि लोकभाषेतली मिस्सा अधिकृतपणे सुरू झाली ती ७ मार्च १९६५ रोजी. तो उपवासकाळातला पहिला रविवार होता. योगायोग म्हणा किंवा योजना, पण माणसाला त्याच्या भाषेत बोलायला मुभा मिळाली तीही याच चाळीस दिवसांत.

आमच्या भागात मग या भाषांची वाटणी झाली. इंग्रजी सगळीकडे, कुठे कोंकणी, कुठे मराठी, कुठे तमिळ. गोव्याहून आलेल्यांचं तर शहरात वेगळंच ग्राम होतं. धोबीतलाव, गिरगाव, माझगाव या भागांत त्यांचे क्लब होते, काही अजून आहेत. त्यांना कूड म्हणतात. एकेक कूड गोव्यातल्या एकेका गावाचा. बोटीवर नोकरी करणारा खलाशी दोन बोटींमध्ये तिथे मुक्काम करणार. ट्रंक भिंतीशी, वळकटी जमिनीवर, कोपऱ्यात गावच्या संताची वेदी आणि संध्याकाळी सक्तीची जपमाळ. शहरात राहूनही माणूस गावातच असायचा.

उपवासकाळाचे हे दिवस घरांत कसे जातात, तेही सांगायला हवं. फेब्रुवारी-मार्चचं ऊन कडक होऊ लागलं की ईस्ट इंडियन घरांत बाटली मसाल्याची तयारी सुरू होते. मिरच्या, धणे, हळद आणि कितीतरी जिन्नस उन्हात वाळवायचे, भाजायचे, कुटायचे आणि गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरायचे. त्याच दिवसांत लालबागच्या मसाला गल्लीत साऱ्या मुंबईच्या बायका आपापल्या मिरच्या घेऊन डंकापुढे उभ्या असतात. उपास एकीकडे आणि वर्षभराच्या जेवणाची बेगमी दुसरीकडे. संसारी माणसाचं प्रायश्चित्त असंच असतं. देवाला दिलेल्या शब्दासोबत घरच्यांच्या पोटाचाही विचार करावा लागतो.

आणि कधी कधी उपास निवडायची वेळच येत नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्या वर्षी राखेचा बुधवार २४ फेब्रुवारीला होता. तोवर परळ-लालबागच्या घरांतले डबे रिकामे होऊ लागले होते. ज्याच्याकडे आहे त्यानं सोडलं तर तो उपास, ज्याच्याकडे नाहीच त्याची ती उपासमार. चर्चमध्ये या दिवसांत दानावर एवढा भर का देतात, ते तेव्हाच्या गिरणगावात वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. रमजानच्या रोज्याबद्दल आमचे मौलवीसाहेबही हेच सांगत, की शेजारी उपाशी असेल तर तुझ्या रोज्याला काय किंमत?

सव्वाशे वर्षांनी प्लेगची आठवण देणारा एक उपवासकाळ आपण सगळ्यांनीच पाहिला. २०२० मध्ये राखेचा बुधवार २६ फेब्रुवारीला झाला, तेव्हा चर्च भरलेली होती. ईस्टर आला १२ एप्रिलला, तेव्हा दारं बंद होती. मधल्या काळात, २५ मार्चला, देशभर टाळेबंदी लागली होती आणि कोविडच्या साथीनं मुंबई गप्प झाली होती. १८९७ चाच साथीचा कायदा पुन्हा वापरात आला होता. शुभ शुक्रवारची क्रूसाची वाट लोकांनी मोबाइलच्या पडद्यावर पाहिली. आमचा रमजानही त्या वर्षी घरातच गेला, मशिदी रिकाम्या. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं उघडली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, रोमहून सूचना आली की राख कपाळाला बोटानं लावू नये, मस्तकावर वरून टाकावी, आणि शब्दही प्रत्येकाला वेगळे न सांगता सगळ्यांना एकदाच सांगावेत. स्पर्शाशिवाय राख. त्या एका बदलात त्या वर्षाचं सगळं दुःख आलं.

आता या धर्मग्रामांपुढे साथीपेक्षा वेगळं संकट आहे. त्यात कुणी मरत नाही, माणसं फक्त निघून जातात. खोताच्या वाडीत कधीकाळी पासष्ट घरं होती असं सांगतात. आता जुनी घरं तिसाच्याही आत आली आहेत. चाळी पडून टॉवर उभे राहिले, गिरण्यांच्या जागी मॉल आणि कार्यालयं आली. नव्या टॉवरमध्ये येणाऱ्याला शेजारच्या मजल्यावर कोण राहतं हेच ठाऊक नसतं, तिथे त्याच्या उपासाची चौकशी कोण करणार? जुने लोक वसई, विरार, मीरा रोडकडे सरकले. हे फक्त ख्रिस्त्यांचं झालं नाही. गिरगावातून मराठी हिंदू गेले, आमचेही लोक मुंब्र्याला गेले. प्रत्येकानं आपला देव बरोबर नेला, पण वाडी बरोबर नेता येत नाही.

दादरचं ते जुनं चर्च १९७० च्या दशकात पाडून नव्यानं बांधलं, तेव्हा चार्ल्स कोरिया या वास्तुशिल्पकारानं त्याचा आराखडा केला. त्यांनी एकच मोठं दालन बांधलं नाही. छप्पर असलेल्या जागा आणि मोकळी अंगणं एकाआड एक ठेवली. प्रार्थना आकाशाखालीही करता यावी, असा विचार त्यामागे होता. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. गाव म्हटलं की अंगण हवंच. ज्या शहरात दर चौरस फुटाला भाव आहे, तिथे एका धर्मग्रामानं मोकळं अंगण राखून ठेवलं.

माझ्या ओळखीचं एक कुटुंब काही वर्षांपूर्वी गिरगाव सोडून मीरा रोडला गेलं. तिथे त्यांना नवं चर्च मिळालं, नवं धर्मग्राम मिळालं, वहीत नावं लागली. नियमानं आता त्यांचं सगळं तिकडेच. पण घरातल्या म्हाताऱ्या बाई तसबिरीमागची वाळकी झावळी तिकडे देत नाहीत. दर फेब्रुवारीत त्यांचा नातू ती वर्तमानपत्रात गुंडाळून लोकलनं चर्नी रोडला आणतो आणि गिरगावच्या चर्चमध्ये जमा करून जातो. मी त्यांना विचारलं, राख तर कुठल्याही झावळीची होते, मग एवढा खटाटोप कशाला? त्या म्हणाल्या, "भाई, आमची माणसं इकडंच पुरलेली हायत. त्यांच्या राखेत आमची राख मिसळायला नको?"

यंदा त्यांच्या कपाळाला राख लागेल ती मीरा रोडची. झावळी मात्र गिरगावातच जळेल.